ओडेल प्रुइटचे दोन घसे

टोलीडोतला काचेचा कारखाना बंद पडला त्या साली
ओडेल प्रुइटनं पहिली कॅसेट काढली.
दोनशे प्रती, गाडीच्या डिकीतून विकायला.
रेकॉर्डिंग माझ्या तळघरात,
वॉटर हीटरला जुन्या गाद्या गुंडाळून,
कारण तो नेमका चांगल्या ओळीवर धडधडायचा.

तेव्हा तो स्वतःला फर्नेस म्हणवायचा.
शब्द असे सुटायचे, की वाटे
कुणीतरी जिन्यावरून बाटल्यांचा खोका सोडून दिलाय
आणि एकही फुटत नाहीये.
श्वास कधी घेतो, कळायचं नाही.
चोरायचा.
मालक पाठमोरा असताना
गल्ल्यातली चिल्लर उचलावी तसा.
तरी जे ऐकू यायचे, ते मी कापायचे, ब्लेडनं.
एका ट्रॅकमधून एक्केचाळीस श्वास.
जमिनीवर फितीची कात्रणं पडलेली
मी केरसुणीनं गोळा केली होती.

मग त्याची मावशी व्हर्नेल गेली.
आयुष्यभर दुसऱ्यांच्या मागे उभी राहून गायलेली बाई,
डावीकडून तिसरी;
रेकॉर्डच्या कव्हरवर नाव छापलं तेही चुकीचं.
दफनानंतर युनियनच्या हॉलमध्ये
लोक मक्याचा पाव खात बसलेले,
आणि ओडेल उठला.
त्यानं मुख्य चाल गायलीच नाही.
मावशीची ती खालची ओळ तेवढी गायला,
ऊ आणि आ, आणि मधली लांब गप्प जागा
जिथे पुढचा माणूस गात असायचा.
पुढे कुणीच नव्हतं.
माझ्या हातातली प्लेट तिरकी झाली
आणि रस्सा बुटावर सांडला, ते घरी गेल्यावर दिसलं.

त्यानंतर मोहरीच्या रंगाचा सूट, सेकंडहँड,
बाह्या दोन बोटं आखूड.
सिगारेट बंद. खिशात आल्याचा तुकडा.
रॅपवाले म्हणाले, फर्नेस विझला.
सोलवाले म्हणाले, आवाज आहे, पण घाई फार,
सूर यायच्या आधीच हा दारात उभा.
लाँझो टीग नावाचा मॅनेजर सिनसिनाटीहून आला,
म्हणाला, बाबा रे, एकच दुकान थाट,
रस्त्यावरून जाणाऱ्याला पाटी वाचता आली पाहिजे.

दुकान थाटलं. मोडलं. पुन्हा थाटलं.
तळ्यात, मळ्यात. मळ्यात, तळ्यात.
खेळ घेणारा कोण, ते त्यालाही दिसत नव्हतं,
नुसता हुकूम ऐकू यायचा आणि पाय उडायचे.
एकदा बेल्जियममधल्या गेंटला
बारा पोरांनी त्याची पहिली कॅसेट
अख्खी तोंडपाठ म्हणून दाखवली,
जिथे मी श्वास कापले होते
तिथे तीही श्वास न घेता.
एक पोरगी लालबुंद होऊन खाली बसली.
हे सांगताना तो हसला, आणि मग हसला नाही.

आता तो गाड्यांच्या काचा बसवतो.
हाताला सिलिकॉनचा वास.
परवा आला, गुडघ्यावर हात ठेवत जिना उतरला.
मी विचारलं, कुठला माइक लावू?
बडबडीचा, की गाण्याचा?
त्या प्रश्नाला तीस वर्षं झाली होती.
म्हणाला, आधी काही खायला आहे का?

सूप घेतलं आम्ही. मग उभा राहिला,
माइक कुठला लागलाय ते न बघता,
आणि व्हर्नेलची ती खालची ओळ धरली,
तिच्या मधल्या गप्प जागेत
बोलू लागला.
कारखान्याच्या गेटवरचा रखवालदार,
मावशीच्या चपलांचे नंबर,
वजा सात तापमानात काच कशी चिकटत नाही.
ऊ. आ. पुन्हा बोलणं.
कुठे बोलणं संपलं आणि सूर लागला
ते मीटरवरच्या काट्यालाही कळलं नसावं.

आणि हीटर धडधडला.
गाद्या केव्हाच फेकल्यात मी, वाळवी लागली म्हणून.
तो थांबला. ते धडधडणं पूर्ण होऊ दिलं,
मग एवढा मोठा श्वास घेतला,
उघड, आवाज करत,
पाण्यातून वर आलेल्या माणसासारखा,
की माझा हात सवयीनं ब्लेडकडे गेला.

ब्लेड आता नाहीच तिथे. पेनांचा मग आहे.
त्यातलं एक उचलून
डब्यावर तारीख लिहिली.
नाव काय लिहू, विचारायचं राहिलं.
त्याला काच बसवायला जायचं होतं, पेरिसबर्गला,
चारच्या आत.